कोल्हापूरच्या शाळांना एका आदिवासी आईचं खुलं पत्र

प्रति,
कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यातल्या शाळांचे मुख्याध्यापक, शिक्षक, संस्थाचालक
आणि या शाळांवर देखरेख ठेवणारे सर्व शिक्षणाधिकारी

सप्रेम जोहार.

गेल्या नोव्हेंबरात शाळेच्या पालकगटावर एक सूचना आली. जनजातीय गौरव दिनाचा कार्यक्रम आहे, मुलांनी आदिवासी वेशभूषेत यावं. खाली यादी होती. पानांचा घागरा (हिरव्या क्रेप कागदाचा चालेल), गळ्यात कवड्यांची माळ, डोक्याला पीस, चेहऱ्याला आणि हातांना काळा रंग, हातात भाला. भाला पुठ्ठ्याचा असावा, टोकदार नसावा, एवढी काळजी मात्र आवर्जून घेतली होती. सूचनेखाली पालकांचे अंगठे आणि टाळ्या. कुणीतरी विचारलं, तयार ड्रेस भाड्यानं कुठं मिळेल? लगेच दुकानाचा पत्ता आणि भाडंही आलं.

मी आदिवासी आहे, महादेव कोळी. माहेर अकोले तालुक्यात, डांगाणात, कळसूबाई आणि रतनगडाच्या मुलखात. नोकरीच्या निमित्तानं कोल्हापुरात आले आणि इथलीच झाले. पानांचा घागरा मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला तो कोल्हापुरात.

माझी मुलगी तेव्हा आठवीत होती. नाचाची तालीम चालू असताना बाईंनी तिला पुढच्या रांगेत आणलं आणि म्हणाल्या, "तू पुढं ये गं, तुमचंच तर आहे हे." त्या बाई वाईट नाहीत. मुलगी आजारी असताना वह्या घेऊन घरी येऊन गेलेल्या आहेत. त्यांना खरोखर वाटलं, आपण हिला मान देतोय. म्हणूनच हे पत्र एका बाईंना किंवा एका शाळेला नाही. शाळेचं नाव मी लिहिणार नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात इतर शाळांचे फोटो आले, त्यांतही तेच घागरे आणि तेच भाले होते.

हा दिन बिरसा मुंडांच्या जयंतीला असतो, म्हणून त्या दिवशी स्टेजवर त्यांचा फोटो होता, फोटोला हार होता. निवेदनात दोन ओळी झाल्या, थोर क्रांतिकारक वगैरे. मुंडांच्या जमिनी कुणी बळकावल्या, जमीनदार आणि ठेकेदार त्यांच्या गावांत कसे शिरले, १८९९-१९०० चा उलगुलान, म्हणजे मुंडांचा उठाव, कशासाठी झाला, वयाची पंचविशीही न गाठलेला हा तरुण ९ जून १९०० ला रांचीच्या तुरुंगात कसा मेला, आणि पुढं १९०८ मध्ये सरकारला छोटा नागपूरचा कुळकायदा का करावा लागला, यातलं एक अक्षर नाही. फोटोसमोर पुठ्ठ्याचे भाले नाचले आणि खाऊ वाटला.

मला ठाऊक आहे, कार्यक्रम घ्या असं वरून पत्र येतं. फोटो काढून वर पाठवावे लागतात आणि नाचाचे फोटो चांगले येतात. शिक्षकांच्या डोक्यावर किती कामं आहेत हे सरकारी नोकरीत असल्यामुळं मला कुणी सांगायला नको. तरीही माझ्या काही तक्रारी आहेत आणि त्या मी एकेक करून मांडणार आहे.

पहिली या वेशाबद्दल.

वेश घेण्यालाच माझा विरोध आहे असं समजू नका. आमच्याकडे बोहाडा असतो. रात्रभर संबळ वाजतो, मुखवटे चढवून देवांची आणि राक्षसांची सोंगं एकामागून एक येतात, त्यांचे मानपान असतात. वाघबारसेला वाघदेवाची पूजा होते, रानात खीर शिजते, गुराखी पोरं वाघ होतात, अस्वल होतात, एकमेकांच्या मागं पळतात. सोंग म्हणजे काय हे आम्हाला चांगलं कळतं. सोंगामागं देव असतो, गोष्ट असते. तुमच्या स्टेजवरच्या सोंगामागं जुन्या हिंदी सिनेमातलं झिंगालाला होतं.

माझी आजी लुगडं नेसायची, कोल्हापुरातल्या म्हाताऱ्या शेतकरणी नेसतात तसंच, जरा आखूड. पानं आम्ही वापरतो, पण ती कमरेला गुंडाळत नाही. भातलावणीला पाठीवर इरलं घेतो, बांबूचं आणि पानांचं. तेच इरलं गगनबावड्याच्या आणि राधानगरीच्या खाचरांतही होतं, प्लास्टिकचा कागद आल्यापासून कमी झालं एवढंच. मग गगनबावड्याचा तो शेतकरी आणि माझा आजा आदिमानव, हे कसं? आणि काळा रंग कशासाठी? माझ्या मुलीचा रंग तुमच्या मुलांहून वेगळा नाही. असता तरी तो डबीतून काढून गालाला फासायची वस्तू नव्हे. ज्या मुलाचा रंग खरोखर सावळा आहे, त्याला त्या दिवशी "तुला रंगाची गरजच नाही" असं ऐकावं लागलं. हे मी ऐकीव सांगत नाही, पुढच्या खुर्चीवर बसून ऐकलंय.

दुसरी तक्रार इतिहासाची. माझ्या लेखी ही सगळ्यांत मोठी.

आठवीच्या इतिहासाच्या पुस्तकात १८५७ च्या आधी झालेल्या उठावांचा मजकूर आहे. भिल्ल, कोळी, रामोशी, संथाळ, गोंड, आणि त्यांच्याच बरोबर कोल्हापूरचे गडकरी. नावं एकापुढं एक, मध्ये स्वल्पविराम. मुलीच्या वर्गात 'कोळी' वाचल्यावर समजावून सांगितलं गेलं की कोळी म्हणजे समुद्रावर मासे धरणारे, मुंबईकडचे. मुलीनं हात वर करून सांगितलं, आम्ही डोंगरातले कोळी, आमच्या गावाला समुद्र नाही. वर्ग हसला. पोर्शन पूर्ण करायचा होता, तास पुढं गेला.

त्या एका स्वल्पविरामाच्या दोन बाजूंना काय आहे, हे जरा बघूया.

१८४४ साली कोल्हापूर संस्थानात गडकऱ्यांनी बंड केलं. सामानगड, भुदरगड ही नावं तुमच्या ओळखीची आहेत. पिढ्यान्‌पिढ्या किल्ला राखायचा आणि त्याबदल्यात इनामाच्या जमिनी कसून खायच्या, ही गडकऱ्यांची रीत होती. इंग्रजांच्या दाबाखाली संस्थानाचा कारभार दाजी पंडितांकडे गेला, गडकऱ्यांच्या जमिनींची व्यवस्था मामलेदारांकडे देण्याचं ठरलं, आणि गडकऱ्यांनी किल्ल्यांचे दरवाजे लावून घेतले. इंग्रजांना फौज आणून सामानगड घ्यावा लागला.

त्याच सुमाराला, त्याच सह्याद्रीत, उत्तरेला राघोजी भांगरे इंग्रजांशी लढत होता. देवगावचा, आमच्या अकोले तालुक्यातला. आमचे नाईकही गड, घाट आणि वाटा राखणारे. १८१८ ला पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांना किल्ल्यांची गरज उरली नाही. किल्ले मोडले, राखणदारांचे हक्क आणि मुशाहिरे, म्हणजे पगार, कापले. राघोजीचे वडील रामजी भांगरे यांनी याच कारणानं आधी बंड केलेलं होतं. रानातल्या माणसाला रोख पैशांत सारा भरायचा म्हणजे सावकाराच्या दारात जाणं आलं, आणि सावकाराच्या वहीतून जमीन परत येत नसे. राघोजीच्या लोकांनी सावकारांची नाकं कापली. त्याला धरायला इंग्रजांनी बक्षीस लावलं, गावागावांत पलटणी फिरवल्या. १८४८ च्या जानेवारीत तो पंढरपुरात सापडला आणि २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेला.

म्हणजे एकाच काळात, एकाच डोंगररांगेवर, किल्ले राखणाऱ्या दोन समाजांच्या पोटावर एकाच सत्तेनं पाय दिला आणि दोघांनीही हत्यार उचललं. कोल्हापूरच्या मास्तरांना याहून चांगला धडा शोधून सापडणार नाही. सामानगड गडहिंग्लज तालुक्यात आहे, वर्ग घेऊन तिथं जाता येतं. गडकरी कोण होते हे गडावर उभं राहून सांगा आणि मग सांगा की असाच एक माणूस तिकडं रतनगडाखाली होता. माझ्या मुलीला त्या वर्गात मान खाली घालून बसावं लागलं नसतं, आणि तुमच्या मुलांना आपल्याच सामानगडाचं महत्त्व कळलं असतं.

१८५७ चंही तसंच. २७ व्या पलटणीनं कोल्हापुरात उठाव केला, चिमासाहेब महाराजांना इंग्रजांनी कराचीला नेऊन ठेवलं, हे इथं अभिमानानं सांगतात, सांगायलाच हवं. त्याच धामधुमीत सातपुड्यात खाज्या नाईकाचे भिल्ल ११ एप्रिल १८५८ ला आंबापाणीला इंग्रजी फौजेशी लढले. चांद्याकडं गोंडांचा बाबुराव शेडमाके २१ ऑक्टोबर १८५८ ला फासावर गेला. पुढं १९४५ मध्ये डहाणू-तलासरीकडचे वारली वेठबिगारीविरुद्ध उठले आणि स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर त्यांनी गोळ्या खाल्ल्या. आपल्याच राज्याचा इतिहास आहे हा, दूर कुठला नाही.

वारल्यांचं नाव निघालं म्हणून, वारली चित्रांबद्दल थोडक्यात. कोल्हापुरातल्या कितीतरी शाळांच्या भिंतींवर ती आहेत. चित्रकलेच्या तासाला त्रिकोणांची माणसं काढून घेतात. लग्नाच्या वेळी बायका तांदळाच्या पिठानं घराच्या भिंतीवर चौक लिहितात, त्या चौकात पालघाट देवी असते आणि तिच्याशिवाय लग्न लागत नाही, हे तेव्हाच सांगायला पाच मिनिटं पुरतील. जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, तो माणूस डहाणू तालुक्यातल्या गंजाडचा, हेही त्यात बसेल. भिंतीवर आमची चित्रं हवीत आणि पुस्तकात आमची माणसं नकोत, असा अर्थ मी काढू नये असं वाटत असेल तर एवढं करा.

तिसरी तक्रार वर्गातल्या रोजच्या वागण्याची. शिष्यवृत्तीचे अर्ज आले की "एसटीचे कोण कोण, उभे राहा" हे अजूनही चालतं. बँक पासबुकाची झेरॉक्स, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, सगळ्यांसमोर नाव घेऊन मागितला जातो. मधल्या सुट्टीत "तुमचं काय बाबा, तुम्हाला फुकट" सुरू होतं. आठवीतल्या मुलांना हे कुणी शिकवलं नाही असं म्हणू नका. घरात जे बोललं जातं ते वर्गात येतं, आणि शिक्षकांनी पोरांना अडवलं नाही की त्यावर शिक्का बसतो.

चौथी तक्रार जरा लांबेल, कारण ती कोल्हापूरची स्वतःची आहे.

या शहरात राजर्षी शाहू महाराजांचं नाव घेतल्याशिवाय सभा सुरू होत नाही. दसरा चौकातून जाताना मी मुलीला वसतिगृहं दाखवली आहेत. १९०१ पासून ती कशी उभी राहिली आणि १९१७ ला संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत कसं झालं, हे तिला पाठ आहे. पण १९१८ ला महाराजांनी हजेरी बंद केली, हे किती शाळांत शिकवतात? ठरावीक जातींच्या माणसांनी, त्यात रामोशी होते, बेरड होते, रोज गावकामगारापुढं जाऊन उभं राहायचं आणि आपण गावातच आहोत, कुठं चोरी करायला गेलो नाही, हे दाखवायचं. गुन्हा केलेला असो वा नसो. ही रीत महाराजांनी हुकूम काढून मोडली. रानोमाळ भटकणाऱ्या फासेपारध्यांना त्यांनी हाताला काम आणि राहायला जागा दिली. त्याच वेळी इंग्रजांच्या मुलखात १८७१ पासून गुन्हेगार जमातींचा कायदा चालू होता, अख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार धरल्या जात. देशभरातून तो कायदा जायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडलं.

फासेपारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत येतात. त्याच यादीत चित्ता पारधी असंही नाव आहे. न्यू पॅलेसच्या संग्रहालयात पेंढा भरलेले प्राणी आणि शिकारीचं सामान बघायला शाळांच्या सहली जातात. रानाचा माग काढणारी माणसं कोण होती, फास लावायचं कौशल्य कुणाचं होतं, शिकारीवर बंदी आल्यावर ती माणसं काय खाऊन जगली, हे प्रश्न तिथंच काचेसमोर विचारता येतील. कुणी विचारलेले मी तरी ऐकले नाहीत.

मी परिचारिका आहे. वॉर्डात पारध्याची बाई बाळंतपणाला आली की शेजारच्या खाटेवरचे नातेवाईक उशाखालची पर्स काढून पोटाशी धरतात. चांगली शिकलेली माणसं असतात. त्यांच्यापैकी कितीतरी जणांनी लहानपणी २६ जूनच्या प्रभातफेरीत शाहू महाराजांच्या नावानं घोषणा दिल्या असतील. शाळेनं त्यांना महाराज शिकवले, महाराजांनी हजेरी कुणाची आणि का बंद केली ते शिकवायचं राहिलं. वर्गात 'पारधी' हा शब्द अजून शिवीसारखा फेकला जातो, तो शब्द ज्याचं आडनाव किंवा जात आहे असं मूल त्याच वर्गात बसलेलं असू शकतं.

यावर एक उत्तर मला नेहमी मिळतं. "मॅडम, आपल्या जिल्ह्यात आदिवासी आहेतच कुठं?" बरोबर आहे. २०११ च्या जनगणनेत राज्यात आदिवासी १ कोटी ५ लाखांवर आहेत, शंभरात नऊहून जास्त. कोल्हापूर जिल्ह्यात मात्र एक टक्क्याच्या आत. पण मग शिकवण्याची गरज कमी होते की वाढते? नंदुरबारच्या मुलाला भिल्ल कोण हे सांगावं लागत नाही. इथला मुलगा उद्या तहसीलदार होऊन धडगावला जाईल, वनखात्यात लागेल, डॉक्टर होऊन मेळघाटात बाँडची नोकरी करेल, तेव्हा त्याच्या डोक्यात काय असेल? क्रेप कागदाचा घागरा असेल. राज्यात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती विशेष असुरक्षित गटात मोडतात, हे त्याला स्पर्धा परीक्षेच्या गाइडमध्ये पहिल्यांदा कळेल, एका मार्काचा प्रश्न म्हणून.

बोलीचंही असंच. माझी मुलगी आजीशी फोनवर डांगाणीत बोलते. शाळेत एकदा दोन शब्द निघून गेले, तर नक्कल महिनाभर पुरली. कोल्हापूरकरांना तरी हे समजावून सांगावं लागू नये. "काय करालाईस" म्हटल्यावर पुण्याच्या हॉस्टेलात काय होतं, ते तुमच्या घरातल्या पोरांना विचारा.

धनगरवाड्यांबद्दल लिहायचा मोह होतो. शाहूवाडी, राधानगरी, चंदगडकडची मुलं शिकायला खाली येतात तेव्हा त्यांनाही जंगली म्हणून हिणवतात, हे रुग्णालयात येणाऱ्या आया सांगतात. पण त्यांच्या वतीनं बोलायचा अधिकार मला नाही, आणि अनुसूचित जमातींच्या यादीत कोण असावं नि कोण नसावं हा वाद मी या पत्रात येऊ देणार नाही. एवढंच म्हणते की रान ओळखणारं पोर वर्गात येतं तेव्हा ते काहीतरी घेऊन येतं, रिकामं येत नाही.

आणि फक्त कोल्हापूरला दोष देऊन मी मोकळी होणार नाही. मी आश्रमशाळेत शिकले, वर्गात सगळ्या आदिवासी मुली. तिथंही राघोजी कुणी शिकवला नाही, तो मला आजीकडून कळला. डांगाणीत बोललं की छडी बसायची. आमच्याच मुलखातली कोंभाळण्याची राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेली नाही, पण तिनं गावरान बियाणं जपलं आणि २०२० मध्ये तिच्या नावावर पद्मश्री जाहीर झाली. तिच्या बियाणं बँकेवर विज्ञानाचा एक अख्खा तास होऊ शकतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही भारतीय ज्ञानपरंपरेत आदिवासींचं ज्ञान आणि त्यांच्या शिकण्याच्या रीती याव्यात असं स्पष्ट म्हटलं आहे. तुमच्या प्रशिक्षणांत या धोरणाचं नाव दर अर्ध्या तासाला घेतलं जातं, तेवढं हे वाक्यही वाचा. न्यूझीलंडनं २०२३ पासून शाळांत देशाचा इतिहास शिकवणं बंधनकारक केलं, त्यात माओरींचा इतिहास पायाशी ठेवला. तिथंही कुरकुर झाली. पण शिकवायला सुरुवात केली.

आता मागण्या. साध्या आहेत.

१. पानांचे घागरे, काळे रंगवलेले चेहरे आणि झिंगालाला नाच कोणत्याही कार्यक्रमात नकोत, स्नेहसंमेलनातही नकोत. तशी लेखी सूचना सर्व शाळांना काढा. खऱ्या आदिवासी कला दाखवायच्या असतील तर त्या कोणत्या जमातीच्या, कुठल्या, कधीच्या, हे सांगून दाखवा. शक्य असेल तिथं त्या समाजातल्या कलाकारांना बोलवा आणि त्यांना मानधन द्या. प्रमाणपत्र आणि नारळ म्हणजे मानधन नव्हे.

२. १५ नोव्हेंबरला नाचाच्या जागी तास घ्या. बिरसा मुंडांचा लढा जमिनीसकट शिकवा. त्यासोबत दरवर्षी महाराष्ट्रातला एक लढा: राघोजी भांगरे, खाज्या नाईक, बाबुराव शेडमाके, वारल्यांचं १९४५.

३. २६ जूनला शाहू महाराजांच्या इतर कामांबरोबर १९१८ ची हजेरीबंदी आणि फासेपारध्यांसाठी त्यांनी केलेलं काम सांगितलं गेलंच पाहिजे. आठवीला गडकऱ्यांचा उठाव शिकवताना राघोजीला शेजारी ठेवा.

४. शिष्यवृत्तीची कागदपत्रं वर्गात नाव पुकारून मागू नका. पालकांना बोलवा, बंद लिफाफ्यात घ्या.

५. जातीवरून, जमातीवरून, बोलीवरून वर्गात चिडवाचिडवी झाली तर ती 'पोरांची मस्ती' म्हणून सोडू नका. तक्रार कुणाकडं करायची ते फलकावर लिहा.

६. शाळांच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत आणि डाएटच्या (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या) प्रशिक्षणात या विषयाचं एक सत्र ठेवा आणि ते आदिवासी अभ्यासकांकडून घ्या. शिक्षकांना जे कुणी सांगितलंच नाही, ते त्यांनी वर्गात सांगावं अशी अपेक्षा करणं अन्यायाचं आहे, हे मला मान्य आहे.

७. पुण्याला सहल जाते तेव्हा शनिवारवाड्याबरोबर आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं संग्रहालयही बघा. तिथली प्रकाशनं शाळेच्या कपाटात असू द्या, आणि कपाटाला कुलूप नको.

आणखी एक, त्याला नंबर देत नाही. वर्गातल्या एकुलत्या एका आदिवासी मुलाला किंवा मुलीला उभं करून "तू सांग तुमच्याबद्दल" म्हणू नका. तेरा वर्षांच्या पोरीनं अख्ख्या जमातीचा जाब द्यायचा नसतो. तिला सांगावंसं वाटलं तर ती सांगेल. तुमच्या मुलांनाही आपण उभं करून "मराठा म्हणजे काय ते सांग" असं विचारत नाही.

यातल्या पहिल्या पाच मागण्यांना निधी लागत नाही, मंजुरी लागत नाही, निविदा तर नाहीच. पहिल्या मागणीतल्या मानधनापुरते चार पैसे लागतील, ते गेल्या वर्षी ड्रेसच्या भाड्यात पालकांनी भरले त्यापेक्षा कमीच असतील.

१५ नोव्हेंबरच्या पुरेसं आधी हे पत्र लिहिते आहे. कार्यक्रमाचं नियोजन दिवाळीच्या सुट्टीआधी होतं, म्हणून लेखी सूचना त्याआधी शाळांपर्यंत पोचावी. ज्या शाळेला राघोजी भांगऱ्यांवर तास हवा असेल त्यांनी पालकगटावर कळवावं, मी रजा टाकून येईन. पावसाळ्यात वॉर्ड भरलेला असतो तेव्हा जमणार नाही, बाकी कधीही.

आपली,
महादेव कोळी समाजातली एक परिचारिका आणि तुमच्याच एका विद्यार्थिनीची आई
कोल्हापूर